सलूशन वाळतं म्हणजे जातं कुठे?

"सर, ह्यांची एक चप्पल जिन्यातच राहिली आणि हे तसेच वर आले. मी म्हटलं, दुसऱ्या पायातली कुठंय? तर वाकून पायाकडे बघतायत. बघितलं तेव्हा कळलं त्यांना."

वहिनी हे सांगत होत्या आणि दादा शेजारी बसून कसनुसं हसत होते. इंदूरला मल्हारगंजाच्या पलीकडे एका गल्लीत त्यांचं दुमजली घर आहे. वरची दहा बाय दहाची खोली हा त्यांचा कारखाना. आमच्याकडे अशा खोलीलाच कारखाना म्हणतात. दादा अठराव्या वर्षापासून लेडीज सँडल बनवतात, आता बेचाळीसचे आहेत. मी कॉलेजात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली आणि त्यातली बरीच वर्षं त्यांनी बनवलेल्या चपला घालून शिकवली. ते मला सर म्हणतात ते त्यामुळे.

चप्पल निसटण्याच्या आधी सहा महिने पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या. मग तळव्याला कापूस बांधल्यासारखं वाटायला लागलं. मग हात. चामडं कापायच्या रापीवरची पकड सुटायची, शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायच्या. साखर तपासली, ती ठीक निघाली. बी-१२ची इंजेक्शनं झाली. कुणी वात सांगितला, कुणी मणका. जिन्यात तोल जातो म्हणून गल्लीत बोलणं सुरू झालं की दादा संध्याकाळी 'घेतात'. हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही.

एवढ्या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता: तुम्ही दिवसभर काय काम करता? बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं की रोग्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सव्वातीनशे वर्षं झाली. ओपीडीतल्या दोन मिनिटांत तो अजून बसत नाही.

डब्यात काय असतं

चपलेचा सोल वरच्या भागाला चिकटवायला जो पिवळट, मधासारखा चिकट पदार्थ लावतात त्याला कारागीर 'सलूशन' म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. ते द्रावणच असतं. कृत्रिम रबर आणि राळ एका पातळ, पटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं. रबर चिकटवण्याचं काम करतं. द्रवाचं काम एवढंच की रबराला ब्रशनं पसरता येईल इतकं पातळ करायचं आणि मग निघून जायचं. या द्रवाला विद्रावक म्हणतात. साध्या सलूशनमध्ये वजनानं सुमारे तीन चतुर्थांश भाग विद्रावकाचाच असतो. म्हणजे कारागीर डबा विकत घेतो तेव्हा पाऊण डबा तो उडून जाणारी वस्तूच घेत असतो.

ही वस्तू एकच नसते, मिश्रण असतं. टोल्यूईन, हेक्झेन, अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट, मिथाइल इथाइल कीटोन यांपैकी काही, त्या आठवड्यात जे स्वस्त पडलं त्या प्रमाणात. वर सलूशन घट्ट झालं की त्यात थिनर ओततात. ते सुट्टं मिळतं, बहुतेक वेळा पाण्याच्या जुन्या बाटलीत, आणि त्याच्यावर लेबल नसतं.

आता काम कसं चालतं ते बघा. दादा सोलच्या आतल्या बाजूला ब्रश फिरवतात, अपरच्या, म्हणजे चपलेच्या वरच्या भागाच्या, कडेला फिरवतात आणि दोन्ही बाजूला ठेवून देतात. लगेच चिकटवलं तर पकडत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग बोटाची मागची बाजू हलकेच टेकवायची. बोटाला ओढ जाणवली पण चिकट डाग लागला नाही, की वेळ झाली. मग फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून हातोडीनं ठोकायचं. एका वेळी वीस-बावीस जोड्या अशा ओळीत मांडलेल्या असतात. सगळ्या वाळत असतात.

वाळतात म्हणजे काय होतं? विद्रावक डब्यातून सोलवर आला, सोलवरून हवेत गेला. आणि हवा त्याच खोलीत आहे.

वर्गात मी फळ्यावर करायचो तसा एक हिशेब करू. एक लिटर सलूशन दिवसात संपलं असं धरा. त्यात साधारण साडेसहाशे ग्रॅम विद्रावक. द्रवाची वाफ झाली की तिचा पसारा प्रचंड वाढतो. एवढ्याची सुमारे पावणेदोनशे लिटर वाफ होते. खोली दहा बाय दहा, उंची नऊ फूट, म्हणजे आत साडेपंचवीस हजार लिटर हवा. सगळी वाफ आत कोंडली तर हवेच्या दहा लाख भागांत जवळजवळ ७,००० भाग विद्रावक होईल. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची सरकारी संस्था हेक्झेनसाठी दिवसभराच्या सरासरीची शिफारस करते ती दहा लाखांत ५० भागांची.

अर्थात सगळी वाफ कोंडत नाही, दारा-फटींतून थोडी जातच असते. सगळा विद्रावक हेक्झेनही नसतो. पण हिशेब उलटा करून बघितला तर अंदाज येतो: आठ तासांत एक लिटर सलूशन वापरून हवा ५० भागांच्या आत ठेवायची तर त्या खोलीतली सगळी हवा तासाला सतरा वेळा बदलली पाहिजे. दार लोटलेल्या खोलीत ती एखाद-दुसऱ्या वेळी बदलली तरी पुष्कळ. छताचा पंखा हवा बदलत नाही, तीच फिरवतो. दादांच्या खोलीत पंखाही बंद असायचा, कारण वाऱ्यानं सलूशनवर साय धरते आणि जोड नीट बसत नाही. हलकं काम करणारा माणूस आठ तासांत सुमारे दहा हजार लिटर हवा छातीत ओढतो.

"पण सर, वास तर आता येतच नाही," दादा म्हणाले होते. बरोबर आहे. नाकाचा तो स्वभाव आहे. नवीन वास आला की ते कळवतं, तोच वास टिकून राहिला की काही मिनिटांत कळवणं बंद करतं. मी खोलीत शिरलो की मला डोळ्यांत चुरचुरायचं आणि तोंडात गोडसर चव यायची, आणि दादांच्या लहान मुलाला त्याच खोलीत भूगोलाचं पाठांतर करताना काही वाटायचं नाही. वास येत नाही याचा अर्थ हवा स्वच्छ आहे असा नाही, सवय झाली आहे एवढाच.

टोकाच्या नळाला आधी पाणी तुटतं

आता मुख्य प्रश्न. श्वासातून आत गेलेली वस्तू पायाच्या बोटांपर्यंत का पोहोचते, आणि सुरुवात तिथूनच का होते?

हेक्झेन स्वतः तितकं विषारी नाही. ते रक्तात उतरतं, चरबीत सहज विरघळतं, आणि शेवटी यकृतात येतं. यकृताला अशी तेलकट वस्तू बाहेर टाकायची असते. त्यासाठी ते तिला पाण्यात विरघळणारी बनवू बघतं आणि तिच्यावर ऑक्सिजन चढवतं. इथे करायला गेला गणपती आणि झाला मारुती अशी गत होते. हेक्झेनची साखळी सहा कार्बनची. यकृत तिच्या दुसऱ्या आणि पाचव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवतं, आणि तयार होतं टू-फाइव्ह हेक्झेनडायोन. या रेणूला जणू दोन आकडे फुटलेले असतात, आणि त्या दोन आकड्यांमधलं अंतर असं नेमकं असतं की ते नसेच्या आतल्या प्रथिनात घट्ट अडकतात. हेप्टेन किंवा शाखा असलेलं हेक्झेन दिसायला याचे भाऊच, पण त्यांच्यापासून असे आकडे फारसे बनत नाहीत. म्हणून सरळ साखळीचं हेक्झेन, ज्याला एन-हेक्झेन म्हणतात, तेच खरं गुन्हेगार.

नस म्हणजे काय, हे इंदूरकराला समजावणं सोपं आहे. आपल्या शहराला नर्मदेचं पाणी येतं ते जलूदहून, सत्तर किलोमीटर लांबून, पंपानं चढवून. वाटेत पाइप गळला, पंपाचा जोर कमी झाला, तर आधी कुणाकडे पाणी तुटतं? लाइनच्या शेवटच्या घराला. पायाच्या बोटाला संवेदना देणारी पेशी कमरेच्या मणक्याजवळ बसलेली असते आणि तिचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब, थेट अंगठ्यापर्यंत. या तंतूला लागणारं सगळं सामान पेशीच्या कोठारात तयार होतं आणि आतून सरकत सरकत टोकाला पोहोचतं. हेक्झेनडायोन तंतूच्या आतल्या बारीक दोऱ्या एकमेकींना चिकटवून टाकतं. ठिकठिकाणी गाठी होतात, तंतू फुगतो, माल पुढे सरकेनासा होतो. टोक वाळायला लागतं.

सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून आधी पाय. त्याखालोखाल हातांचे. छाती, पोट, चेहरा सहसा शाबूत राहतात. डॉक्टर याला हातमोजे-पायमोज्यांचा नमुना म्हणतात, कारण जिथपर्यंत मोजा चढतो तिथपर्यंतच बधिरपणा असतो. दोन्ही बाजूंना सारखा. एकाच पायात कळ जात असेल तर मणक्याचा विचार आधी होतो. दोन्ही पाय आणि मग दोन्ही हात असा क्रम असेल तर आत जाणाऱ्या एखाद्या वस्तूचा संशय घ्यायला हवा. मधुमेहात आणि बी-१२ कमी असतानाही असाच नमुना दिसतो, म्हणून त्या तपासण्या आधी करणं चूक नव्हतं. त्या ठीक आल्यावर तिथेच थांबणं चूक होतं.

मिथाइल इथाइल कीटोनला स्वतःचे असे दोन आकडे नाहीत, पण ते सोबत असलं की हेक्झेनचा परिणाम वाढतो. म्हणजे डब्यात कुठली वस्तू किती एवढं कळून भागत नाही, कोण कुणाबरोबर आहे हेही बघावं लागतं.

यातली एक गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते आणि तिच्यामुळे घरात गैरसमज होतात. काम बंद केल्यावर दुखणं लगेच उतरत नाही. उलट पुढचे दोन-तीन महिने वाढू शकतं. ज्या गाठी पडायच्या त्या आधीच पडलेल्या असतात आणि टोकांचं वाळणं आपल्या गतीनं चालू राहतं. दादांचं तसंच झालं. डिसेंबरात काम थांबवलं आणि जानेवारीअखेर त्यांना पायरी चढताना गुडघा हातानं उचलावा लागत होता. "काम सोडल्यानं शरीर आखडलं" असं म्हणून ते परत ब्रश हातात घ्यायला निघाले होते. त्या वेळी वहिनींनी डबाच शेजारी नेऊन ठेवला. पुढे नस सावकाश सावरते. सौम्य दुखण्यात पूर्णपणे, जास्त झालं असेल तर महिने-वर्षं लागतात आणि थोडं काहीतरी मागे राहतं.

टोल्यूईनची तऱ्हा वेगळी. ते नसांच्या टोकांपेक्षा मेंदूवर जास्त बसतं. दुपारपर्यंत डोकं जड, संध्याकाळी चिडचिड, विसरभोळेपणा, झोप येते पण लागत नाही. रविवारी सुट्टीला बरं वाटतं आणि सोमवारी परत. हा आठवड्याचा ठेका लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरच्या भांडणामुळे डोकं दुखत असेल तर ते रविवारी जास्त दुखायला हवं. बरीच वर्षं गेली तर ऐकू येण्यावरही परिणाम होतो, आणि शेजारी हातोडी चालू असेल तर दोन्ही मिळून कान लवकर जातात.

हेपबर्न सँडल

ही गोष्ट इंदुरात पहिल्यांदा घडत नाहीये. १९५०च्या दशकात जपानमध्ये ऑड्री हेपबर्नच्या पायांत दिसलेल्या सँडलची लाट आली. ओसाकात घरोघरी बायका-पुरुष ती जोडत बसायचे, आणि गोंद असायचा बेंझीनचा. १९५८-५९मध्ये त्यांतले काही रक्त आटून मेले. आटून हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बेंझीन हाडांच्या आतल्या मगजावर, जिथे रक्त तयार होतं तिथे, घाव घालतं. लाल पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेट कमी. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, उतरत नाही असा ताप. जपाननं १९५९ साली बेंझीनच्या गोंदावर बंदी घातली.

मग गोंद बनवणाऱ्यांनी बेंझीन काढून काय घातलं? हेक्झेन. दहा वर्षांच्या आत मिकावा भागात घरी सँडल जोडणाऱ्यांचे हातपाय लुळे पडायला लागले. १९६९ साली अशा ९३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. इटलीतही बेंझीन गेलं, हेक्झेन आलं आणि तिथल्या डॉक्टरांनी या दुखण्याला चक्क 'चांभारांचा नसांचा आजार' असं नाव दिलं.

तुर्कस्तानात इस्तंबूलला मुझफ्फर अक्सोय नावाचे रक्तविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण येत, त्यांत जोडे बनवणारे फार. त्यांनी १९६७ ते १९७३ या काळातले २६ कारागीर मोजले. सगळे लहान, कोंदट कारखान्यांतले, बेंझीनचा गोंद वापरणारे. त्यांच्या हिशेबानं या कारागिरांत हे प्रमाण वर्षाला लाखामागे १३ होतं. इतर लोकांत ६. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगाची संस्था आज बेंझीनला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवते. त्याच गटात चामड्याची बारीक धूळही आहे, जी सोल घासताना नाकात जाते आणि नाकाच्या आतल्या कर्करोगाशी तिचं नातं आहे. भारतानं बेंझीनविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७१चा करार १९९१ साली मान्य केला.

म्हणून डब्यावर 'बेंझीन-मुक्त' लिहिलंय यानं मला फार धीर येत नाही. विचारायचं ते हे, की बेंझीन नाही तर काय आहे. आणि ज्यावर काहीच लिहिलेलं नाही त्या बाटलीचं काय? थिनर संपलं म्हणून बाइकच्या टाकीतलं पेट्रोल सलूशनमध्ये ओतताना मी स्वतः बघितलंय. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझीन असायला परवानगी आहे. शिवाय हेक्झेनही असतंच. हात धुवायला पेट्रोल, ब्रश धुवायला पेट्रोल, आणि मग त्याच हातानं पोहे.

घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत नाही

मोठ्या फॅक्टरीत निदान शिफ्ट संपते. घरी बनवणाऱ्याची संपत नाही. वहिनी अपरच्या कडा दुमडून चिकटवतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. डझनावर पैसे. स्वयंपाकाचं आवरून रात्री दहानंतर बसायचं. ही मजुरी कुठल्याच वहीत त्यांच्या नावावर नसते, ठेकेदाराच्या लेखी सगळी जोडी दादांची. तेव्हा धोक्याच्या हिशेबातही त्या नसतात. बाळंतपणात सासूबाई म्हणायच्या बसूनच तर करायचंय, त्यात काय. ते बसूनच करायचं काम होतं खरं, पण गरोदर बाईच्या रक्तातून टोल्यूईन पोटातल्या बाळापर्यंत जातं. त्या महिन्यांत सलूशनपासून लांब राहणं यात लाड काही नाहीत.

आणि मूल जमिनीवर बसतं, जमिनीवर झोपतं. या वाफा हवेपेक्षा तिपटीनं जड. खोलीभर मिसळून गेल्यावर तो फरक उरत नाही, पण उघड्या डब्याच्या आणि वाळत ठेवलेल्या ओळीच्या आसपास त्या खालीच साचतात. नेमक्या जिथे मांडी घालून बसलेल्या कारागिराचं नाक असतं, आणि जिथे सिगडी असते.

सिगडीचं वेगळं सांगायला हवं. हिवाळ्यात खिडक्या लावून घेतात, कोपऱ्यात शेगडी. हेक्झेनला पेटायला उन्हाळा लागत नाही, शून्याखाली २२ अंशांनाही त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते. हवेत ती एक टक्क्याच्या किंचित वर गेली की भडका उडू शकतो. खोलीची सरासरी तिथपर्यंत जात नाही. डब्याच्या तोंडाशी जाते. बिडी पेटवायला तेवढं पुरतं.

मास्कची समजूत

लोक मला पहिला प्रश्न मास्कचा विचारतात. कोविडच्या वेळचा मास्क, रुमाल, अगदी एन-९५सुद्धा धूळ अडवतो. वाफ अडवत नाही. वाफेचे रेणू त्याच्यातून असे जातात जसं पाणी चाळणीतून. वाफेसाठी कोळशाच्या डबीचा, रबरी तोंडाचा मास्क लागतो. त्याची डबी ठरावीक तासांनी बदलावी लागते, दाढीवर तो बसत नाही, आणि मेच्या उकाड्यात दहा तास तो कुणी घालत नाही. दादांना मी एक आणून दिला. तो खिळ्यावर लटकलेला आहे.

त्यापेक्षा वाफ होऊच कमी द्यायची आणि झाली ती तोंडासमोरून न नेता बाहेर काढायची. आम्ही काय केलं ते सांगतो. चार लिटरचा उघडा डबा बंद केला. काचेच्या लोणच्याच्या बरणीत दोन तासांपुरतं सलूशन, झाकणाला ब्रशच्या दांड्याएवढं भोक, ब्रश त्यातच उभा. यात खर्च शून्य आणि सलूशनही कमी सुकतं, त्यामुळे थिनर कमी लागतं. ठेकेदारालाही हे पटलं, कारण पैसे वाचले. दुसरं, वाळवण्याची जागा. वाफ सगळ्यांत जास्त निघते ती वाळताना, ब्रश फिरवताना नाही. म्हणून मांडणी उचलून गॅलरीच्या दाराशी नेली. तिसरं, एक्झॉस्ट पंखा. सगळे तो वर छताजवळ लावतात, स्वयंपाकघरात असतो तसा. तिथे तो कारागिराच्या नाकावरूनच वाफ वर ओढतो. तो बसल्याच्या उंचीला, कामाच्या पाटाच्या पलीकडे हवा, आणि माणसाची पाठ दाराकडे. हवा पाठीमागून यावी, आधी माणसाला भेटावी, मग सलूशनला, मग बाहेर. बटण खोलीबाहेर, कारण बटणात ठिणगी पडते.

घरमालक भिंतीला भोक पाडू देईना. महिनाभर त्यात गेला. शेवटी खालच्या झरोक्याची काच काढून पंखा तिथेच बसवला, थोडा तिरका.

हात थिनरनं धुवायचे नाहीत. त्यानं कातडीवरचं तेल निघून भेगा पडतात आणि भेगांतून आणखी आत जातं. खोबरेल चोळून आधी चिकटा सैल करायचा, मग साबण. वहिनींना हे एकदा सांगून पुरलं.

पाण्यातलं सलूशनही मिळतं. त्यात रबराचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, विद्रावक जवळजवळ नसतो. पण पाणी सावकाश उडतं, त्याला गरम हवेची छोटी भट्टी लागते, डबा महाग, आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. दिवसाला जोड्या कमी होतात. जोडीवर पैसे मिळणाऱ्याला ते परवडवायचं असेल तर जोडीचा दर वाढवावा लागेल, आणि तो दर कारागिराच्या हातात नाही. जुनी खरी कोल्हापुरी चामड्याच्या वादीनंच शिवलेली असायची, तिला सलूशन लागत नसे. पण लग्नसराईत दीडशे-दोनशेला रेक्झिनची सँडल मागणारे आपणच असतो.

डॉक्टरांकडे आणि सरकारकडे

मी डॉक्टर नाही, म्हणून एवढंच सांगतो: एम.वाय. हॉस्पिटलला जा किंवा कुठेही जा, पहिल्या वाक्यात सांगा, "मी इतकी वर्षं सलूशनचं काम करतो, खोली बंद असते." डब्याच्या लेबलचा मोबाइलवर फोटो न्या. घोट्याला हातोडी मारल्यावर पाय उडतो का, कंपन करणारा चिमटा अंगठ्यावर ठेवला तर कळतो का, हे दोन मिनिटांत होतं. नसांच्या वेगाची तपासणी असते तिला एनसीव्ही म्हणतात. रक्ताची साधी सीबीसी, म्हणजे पेशींची मोजणी, वर्षातून एकदा करून जुने रिपोर्ट फाइलला लावले तर पेशी उतरत चालल्या आहेत का ते दिसतं. एकट्या रिपोर्टपेक्षा चार वर्षांची रांग जास्त बोलते. हेक्झेनसाठी लघवीतल्या हेक्झेनडायोनची तपासणी असते, ती आठवड्याच्या शेवटी, काम संपताना द्यायची. सुट्टी घेऊन सोमवारी सकाळी दिली तर फारसं काही सापडणार नाही. अशा विषयांसाठीची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आपल्या शेजारी अहमदाबादला आहे, १९६६पासून.

कायद्याचं थोडक्यात. बेंझीनमुळे होणारे आजार नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्यातही होते आणि कामगार विम्याच्या १९४८च्या कायद्यातही; २०२५मध्ये या दोन्हींची जागा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. पण फॅक्टरी म्हणायला विजेवर चालणाऱ्या जागी जुन्या कायद्यानं १० कामगार लागत, २०२०च्या संहितेनं २०. कामगार विमा मिळाला तर त्याचं नंदानगरचं हॉस्पिटल आहे, त्यालाही १० माणसं एका छताखाली हवीत. दादांच्या छताखाली अडीच आहेत: ते, वहिनी आणि शाळेतून आल्यावर फर्मे पुसणारा मुलगा. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम कार्ड मात्र काढता येतं, आम्ही काढलं. त्यात 'व्यवसाय' लिहिताना सेंटरवाल्या मुलानं दादांचं 'दुकानदार' केलं होतं. ते बदलून घेतलं. पुढेमागे कागदावर दाखवायची वेळ आली तर काम काय होतं हे तिथे लिहिलेलं असावं.

एप्रिलपासून दादा अर्धा दिवस बसतात, फक्त कटिंग आणि शिलाई. सलूशनचं काम आता एक भाचा करतो, झरोक्याकडे तोंड करून. परवा गेलो तेव्हा दादांनी पाय पुढे केला आणि डोळे मिटले. "सर, बोट लावा, कुठलं ते सांगतो." मी उजव्या पायाच्या करंगळीला लावलं. अंगठा म्हणाले. डावीकडे तीन बोटांना लावलं, तिन्ही बरोबर सांगितली.